पक्षिवर्णनातील क्रियापद

मराठी गद्यातील पक्षिवर्णनाची चर्चा निघाली की ती बहुधा नामांपाशी थांबते. लेखकाला पक्ष्यांची नावे किती ठाऊक आहेत, यावरच त्याच्या निरीक्षणाची परीक्षा होते. नावांचे मोल कोणी नाकारणार नाही. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनसेवेतील दीर्घ भ्रमंतीत रानातल्या माणसांकडून नावे मिळविली व ‘पक्षीकोश’ सिद्ध केला, हे मराठीवरील ऋणच होय. परंतु कोश निराळा आणि वर्णन निराळे. पक्षी पुष्कळदा रंगाच्या आधी हालचालीवरून ओळखू येतो. आणि हालचाल सांगावयाची ती क्रियापदाने. नेमके येथेच आमचे ललित गद्य दुबळे पडते, असे मला वाटते.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेटाच्या पश्चिम टोकास डॉ. सालिम अली यांच्या नावाचे अभयारण्य लागते. १९८८ साली घोषित झालेले हे क्षेत्र जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचे, बहुतेक खारफुटीचे. ओहोटीने चिखल उघडा पडला की हिवाळी पाहुणा तुतवार काठाने चालू लागतो. चालताना शेपटीकडचा भाग सारखा खालीवर करीत असतो. ढोकरी मातीच्या ढेकळासारखी निश्चल बसते आणि उडताक्षणी त्या मळकट अंगातून पांढरेशुभ्र पंख उघडतात. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत अधांतरी थांबतो व तेथून सरळ खाली सूर मारतो. त्याचा निळा धाकटा भाऊबंद बहुधा फांदीवरच टपून असतो. आता ही दृश्ये आमच्या सरासरी ललित लेखकाच्या हाती द्या. खंड्या ‘विहरतो’, घार ‘विहरते’, बगळेही ‘विहरतात’. नावे तेवढी निरनिराळी, पक्षी एकच.

याचे मूळ कविसंकेतांत असावे. चातकाने पावसाच्या थेंबासाठी आसुसलेले राहावे, असा संकेत आहे. प्रत्यक्षात हा पक्षी सुरवंट खातो आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकून मोकळा होतो. कवितेत तो संकेत शोभतो; तेथे माझी तक्रार नाही. पण ज्याने आयुष्यभर केवळ तहानेलेच असावयाचे, त्याला दुसरे क्रियापद लागतच नाही! शाळेत आम्ही शिक्षक हाच चातक शिकवितो आणि मग मुलांच्या निबंधांत निरीक्षण नाही म्हणून हळहळतो.

चितमपल्लींचे गद्यही या दृष्टीने तपासले पाहिजे. त्यांच्याजवळ पाहिलेले अपार आहे, तसेच ऐकलेलेही. मात्र लोकसमजूत व स्वानुभव ही दोन्ही त्यांच्या लेखनात कधी कधी एकाच ओघात येतात आणि डोळ्यांची साक्ष कोठे संपली, हे वाचकास कळत नाही. उलट व्यंकटेश माडगूळकर ‘नागझिरा’त माहिती कमी देतात, पण प्राणी काय करतो आहे तेथून नजर हलवीत नाहीत. ते स्वतः चित्रे काढीत, याचाही हा परिणाम असेल.

असे लेखन ‘माहितीपर’ म्हणून वाङ्मयाच्या उंबऱ्याबाहेर ठेवण्याची आमच्या परीक्षकांची रीत आहे. तुतवाराच्या शेपटीची हालचाल नेमकी सांगण्यास भाषेवर जी पकड लागते, ती विरहव्यथा वर्णन करण्यास लागणाऱ्या पकडीहून कमी प्रतीची कशी, हे मात्र कोणी सांगत नाही. कोशात खंड्याची नावे सापडतील. पण पाण्यावरच्या त्याच्या त्या फडफडत्या थांबण्यासाठी एक नेमके मराठी क्रियापद मला अजून मिळालेले नाही.