फुकट की मुक्त? – पीसीबी आखण्याच्या साधनांची पारख

जळगाव-धुळ्याकडील विज्ञान प्रदर्शनांत केळीच्या बागेसाठी ओलावादर्शक, टाकी भरल्याची सूचना देणारा गजर असे प्रकल्प हटकून दिसतात. यांतील बहुतेक सर्किटे ब्रेडबोर्डवर जोडलेली असतात. शाळेत नीट चालणारे सर्किट एस.टी.तून नेताना एखादी तार निसटते आणि परीक्षक समोर येईपर्यंत विद्यार्थी तीच शोधत बसतो. यावरचा उपाय म्हणजे पीसीबी. ती संगणकावर आखण्याची अनेक साधने पैसे न देता मिळतात. प्रश्न आहे तो निवडीचा.

आम्ही एकच ओलावादर्शक – एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक एलईडी, तीन रोधक आणि ९ व्होल्टची बॅटरी – तीन साधनांत आखून पाहिला.

जर्मनीतील पोट्सडाम येथे जन्मलेले फ्रिट्झिंग नवख्याला सर्वांत जवळचे वाटते. त्यात ब्रेडबोर्ड जसाच्या तसा दिसतो, त्यामुळे आठवी-नववीच्या मुलाला आकृती आणि प्रत्यक्ष जोडणी यांचा संबंध लगेच कळतो. परंतु पीसीबी आखताना ते अपुरे पडते. त्याची मूळ संहिता खुली असली, तरी तयार प्रत घेताना थोडे पैसे द्यावे लागतात.

ईझी-ईडीए ब्राउझरमध्येच चालते, तांब्याच्या वाटा आपोआप आखूनही देते. आमचे काम यात सर्वांत लवकर झाले. मात्र इंटरनेट गेले तेव्हा हात बांधून बसावे लागले, कारण नेहमीच्या वापरात आराखडा आपल्या संगणकावर नव्हे, तर कंपनीच्या खात्यात साठतो. ग्रामीण शाळेत ही अडचण लहान नाही.

तिसरे कीकॅड. फ्रान्समधील प्राध्यापक ज्याँ-पिएर शारा यांनी १९९२ साली ते सुरू केले. २०१३ पासून सर्न या संशोधनसंस्थेने त्याच्या विकासाला हातभार लावला. बोर्डाच्या आकारावर व्यवहारात बंधन नाही, इंटरनेटविना चालते. दोषही सांगितले पाहिजेत. ते उतरवून घ्यायला एक जीबीहून अधिक जागा लागते, नव्या आवृत्त्या जुन्या ३२ बिट संगणकांवर चालत नाहीत, आणि आकृतीतील चिन्ह व बोर्डावरील ठसा वेगवेगळे निवडावे लागत असल्याने पहिले दोन दिवस गोंधळ उडतो. वाटाही हाताने आखाव्या लागतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने आम्ही हा गुणच मानतो.

तरीही आमचे मत कीकॅडच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण ईगलच्या इतिहासात आहे. १९८८ पासूनची ही आज्ञावली हौशी मंडळींची लाडकी होती. तिची फुकट आवृत्ती ८० चौरस सेंटीमीटरपर्यंतच्या बोर्डांना पुरत असे. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने ती विकत घेतली आणि २०२३ मध्ये जाहीर केले, की ७ जून २०२६ पासून ईगल स्वतंत्रपणे मिळणार नाही. फुकट दिलेली वस्तू मालक परत घेऊ शकतो. मुक्त आज्ञावलीची संहिता सर्वांच्या हाती असल्याने ती अशी काढून घेता येत नाही. ईगलमधील जुने आराखडे आज कीकॅडमध्येही उघडता येतात, हे बोलके आहे.

आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने कीकॅड आणि एनजीस्पाइस यांच्या आधारे ई-सिम तयार केले आहे. त्यात सर्किट बनवण्याआधी ते कसे वागेल हे तपासता येते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना ते जरूर दाखवावे.

शिक्षकांना एक सूचना. आराखडा लेझर प्रिंटरवर शंभर टक्के मापातच छापावा. इस्त्री करण्यापूर्वी आयसी कागदावर ठेवून पाहावी. तिच्या पायांतील अंतर २.५४ मिलिमीटर असते, ते जुळलेच पाहिजे. खालच्या थराची छपाई उलटी करू नये, कारण इस्त्रीने ठसा उमटताना ती आपोआप उलटते. फेरिक क्लोराईड हाताळताना हातमोजे घालावेत आणि उरलेले द्रावण मोरीत ओतू नये.

यंदाच्या मुलाने आखलेला बोर्ड पुढच्या वर्षीच्या मुलीला उघडता, सुधारता आला, तर शाळेत प्रकल्पांची परंपरा तयार होईल. साधन निवडताना आम्ही हीच कसोटी महत्त्वाची मानतो.