यजमानाचे पतन : सणाच्या प्रहसनाविषयी

मराठी समीक्षा आंगिक विनोदाकडे सहसा दुय्यम प्रकार म्हणून पाहत आली आहे. शाब्दिक विनोदात बुद्धीचा आणि स्वभावनिष्ठ विनोदात जीवनदर्शनाचा प्रत्यय येतो. घसरणे, आपटणे, मोडतोड होणे यांत मात्र निव्वळ करमणूक असते, अशी ही प्रतवारी आहे. प्रहसनाचा विषय सण असला की ती अपुरी पडते. सणाच्या घरात कोण पडते आणि त्याला पुन्हा कोण उभे करते, हे प्रश्न केवळ तंत्राचे नाहीत. ते संस्कृतीच्या रचनेशी निगडित आहेत. जेरमाया चेचिक दिग्दर्शित आणि जॉन ह्यूज लिखित 'नॅशनल लॅम्पून्स ख्रिसमस व्हेकेशन' (१९८९) हा चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

चित्रपटाचे कथानक विरळ आहे. क्लार्क ग्रिस्वोल्ड या नोकरदार गृहस्थाला आपल्या घरी निर्दोष नाताळ साजरा करायचा आहे. तो पंचवीस हजार दिव्यांनी घर मढवतो. दिवे लागत नाहीत. भोजनासाठी भाजलेली टर्की सुरी लागताच फुटते आणि आतून कोरडी ठणठणीत निघते. झाड जळते, त्याच्या जागी आणलेल्या झाडातून खार बाहेर पडते, आणि न बोलावलेला नातलग एडी कुटुंबासह मुक्काम ठोकतो. प्रसंग सुटे आहेत. त्यांना बांधणारे सूत्र एकच, ते म्हणजे क्लार्कचे यजमानपद.

मराठीतील 'यजमान' हा शब्द येथे उपयोगी पडतो. यज्ञ करविणारा, पाहुण्यांचे आतिथ्य करणारा आणि पती असे त्याचे तिन्ही अर्थ क्लार्कमध्ये एकवटले आहेत. माणूस यंत्रवत वागू लागला की हसू येते, ही बर्गसाँची उपपत्ती सर्वपरिचित आहे. क्लार्कचे यंत्रवत होणे मात्र शरीराचे नसून विधीचे आहे. सण त्याच्यापुढे पार पाडावयाच्या बाबींची यादी म्हणून उभा असतो, आणि यादीतील प्रत्येक वस्तू त्याच्याविरुद्ध बंड करते. दिव्यांचा दोष अखेर त्याची पत्नी एलेन एक बटण दाबून दूर करते; श्रेय मात्र यजमानाकडे जाते. घरातील स्त्रीच्या हाताची ही अदृश्यता चित्रपट दाखवतो, परंतु तिच्यापाशी थांबत नाही.

सण असा एका माणसाच्या खांद्यावर का यावा, याचे उत्तर बाख्तिनच्या राबलेविषयक विवेचनात सापडते. चौकातील सामूहिक उत्सव आधुनिक काळात आक्रसत गेला आणि त्याचा मोठा भाग कुटुंबाच्या खाजगी जीवनात शिरला, असे त्याचे प्रतिपादन आहे. चौकात उत्सवाला यजमान नसतो. म्हणून तेथे हसणारा आणि हास्याचा विषय होणारा हे वेगळे राहत नाहीत. उत्सव घरात आला की एक कर्ता निर्माण होतो, आणि हास्याला एक लक्ष्य मिळते.

हा भेद मराठी वाचकाला पुस्तकातूनच समजून घ्यावा लागतो असे नाही. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, खोपोलीलगत साजगाव येथे कार्तिकी एकादशीपासून विठोबाची यात्रा भरते. उपवासाच्या तिथीला सुरू होणाऱ्या या यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार असतो, आणि लोक दैवताला 'बोंबल्या विठोबा' म्हणतात. एकादशी आणि बोंबील यांची जी विसंगती घरात प्रहसनाचे निमित्त झाली असती, ती येथे देवाच्या नावातच सामावलेली आहे. ती कोणाच्याही फजितीवर उभी नाही, कारण फजित होण्यासाठी कोणी एक यजमान तेथे नाही. क्लार्कच्या घरातील गोंधळ म्हणजे बाहेर ठेवलेली ही यात्राच होय. ती अपघाताच्या रूपाने परत येते. एडी हा तिचा दूत.

मराठी गृहस्थी विनोदाने या पेचातून निराळी वाट काढलेली दिसते. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव आपली फजिती स्वतःच सांगतो. लक्ष्य आणि निवेदक एक झाल्यामुळे हास्यातील क्रौर्य मावळते. मास्टर विनायकांच्या 'लग्न पहावे करून' (१९४०) मध्ये हाच चिमणराव पडद्यावर आला, तो वार्षिक सणाच्या नव्हे, तर लग्न जुळवण्याच्या धांदलीत. अलीकडच्या 'घरत गणपती' (२०२४, दिग्दर्शक नवज्योत बांदिवडेकर) या चित्रपटात कुटुंब सणासाठीच जमते. पण तेथील वादळ नात्यांचे आहे, वस्तूंचे नाही. घरातील वार्षिक सण आंगिक विनोदाच्या स्वाधीन करण्यास मराठी चित्रपट कचरतो की काय, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो.

ख्रिसमस व्हेकेशनची खरी कसोटी शेवटी लागते. क्लार्कने पोहण्याच्या तलावाची आगाऊ रक्कम बोनसच्या भरवशावर भरलेली असते; बोनसऐवजी हाती पडते ते दरमहा जेली पाठवणाऱ्या योजनेचे सभासदत्व. चित्रपटातील सर्व आपटण्यांत खरी इजा करणारा आघात हा एवढाच. एडी मालकाला पळवून आणतो, मालक वरमतो आणि बोनस वाढवून देतो. डिकन्सच्या 'अ ख्रिसमस कॅरल' (१८४३) मधील मालकाचे हृदयपरिवर्तन येथे पुन्हा वापरले आहे. दिवाळीच्या बोनसचा इतिहास जाणणाऱ्या वाचकाला हा शेवट पटणे कठीण आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांच्या तंट्यात १९५० साली श्रम अपील न्यायाधिकरणाने बोनसचे सूत्र ठरवले. १९६५ च्या कायद्याने किमान बोनसची तरतूद केली आणि पुढे त्याचा दर ८.३३ टक्के झाला. जे येथे तंट्याने हक्क म्हणून मिळवले गेले, ते तेथे मालकाच्या औदार्यावर सोडले आहे.

म्हणूनच हा चित्रपट पाऊण भाग धाडसी आणि पाव भाग भित्रा आहे. यजमानाला त्याच्या कल्पनेतील सणावरून खाली खेचण्याचे काम तो निर्दयपणे करतो. पण पडलेल्या यजमानाला सावरण्यासाठी त्याहून मोठा यजमान आणतो. आंगिक विनोदाने मोडलेली उतरंड कथानक पुन्हा रचून ठेवते. या प्रकाराचे मूल्यमापन करताना किती हसू आले यापेक्षा, हसू ओसरल्यावर घरात कोणाची सत्ता उरली, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.