एक टक्क्याची फूटपट्टी

शेतात, फळांवर किंवा किडींच्या विष्ठेत सापडलेल्या एखाद्या यीस्टची ‘नवी जाती’ म्हणून घोषणा झाली, की आम्ही प्रथम वाणांची संख्या पाहतो. पुष्कळदा ती एक असते! एका मुलाची उंची मोजून साऱ्या इयत्तेची उंची सांगावी, तसाच हा प्रकार.

या सवयीला बळ मिळाले ते कर्ट्झमन आणि रॉबनेट यांच्या १९९८ सालच्या निबंधामुळे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत त्यांनी सुमारे ५०० यीस्टच्या रायबोसोमल जनुकातील ‘डी१/डी२’ हा सुमारे ६०० अक्षरांचा तुकडा तपासला. एकाच जातीच्या वाणांत ० ते ३ अक्षरांचा फरक आढळला. ६ किंवा अधिक, म्हणजे एक टक्का फरक असल्यास जाती बहुधा वेगळ्या. काम मोलाचेच होते. त्यापूर्वी कोणती शर्करा आंबते, कोणती वापरली जाते, यावर ओळख ठरे, आणि एखाद्या उत्परिवर्तनानेही ती चुके. पण निबंधातला ‘बहुधा’ पुढे गळाला आणि फूटपट्टी उरली.

ती कोठे फसते ते मेट्श्निकोविया या प्रजातीत पाहावे. (जाती व प्रजाती यांची गल्लत नको.) इस्रायलमधील द्राक्षांवरून २००१ मध्ये मे. फ्रुक्टिकोला, तर ऑस्ट्रियातील आंदाऊ येथे मक्यावरील अळ्यांच्या विष्ठेतून २००५ मध्ये मे. आंदाऊएन्सिस वर्णिली गेली. या जनुकाच्या पेशीत अनेक प्रती असतात, आणि त्या एकसारख्याच असणार असे आपण धरून चालतो. हंगेरीच्या सिपित्स्की यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले, की या दोन्ही जातींच्या नमुना-वाणांत त्या एकसारख्या नाहीतच. मग फूटपट्टी नेमकी कोणत्या प्रतीला लावायची?

प्रश्न केवळ नावाचा नाही. फ्रुक्टिकोला काढणीनंतरची फळांची कूज रोखण्यासाठी वापरतात. बाटलीवरचे नाव डळमळीत असेल, तर एका वाणावरचे सुरक्षिततेचे आणि परिणामाचे निष्कर्ष दुसऱ्याला लावावेत की नाही, हेच ठरत नाही.

आमच्या मते या दोन जातींमधली सीमा तूर्त पेन्सिलीनेच आखलेली बरी. निरनिराळ्या शेतांतले अनेक वाण, प्रथिने घडवणारी इतर जनुके आणि शक्य तेथे संकराची चाचणी, एवढे तरी नव्या वर्णनात हवे. संपूर्ण जीनोम वाचणे आता पूर्वीइतके खर्चिक राहिलेले नाही. तेव्हा एकाच तुकड्यावर भागवण्याची जुनी सबब चालणार नाही.