दुव्यांचें अरण्य आणि संपादकाची शिस्त

मोठ्या कृतीचें यश केवळ कर्त्याच्या प्रतिभेवर अवलंबून नसतें; काय आधीं करावयाचें आणि काय सोडून द्यावयाचें, या विवेकावरही तें अवलंबून असतें. लेख, चित्र व ध्वनि यांस संगणकाच्या पडद्यावर दुव्यांनीं जोडणाऱ्या ‘हायपरमीडिया’ या रचनाप्रकारास हें विशेषच लागू पडतें. हा शब्द टेड नेल्सन यांनीं १९६५ सालीं प्रचारांत आणला. त्यांची ‘झॅनाडू’ योजना आणि टिम बर्नर्स-ली यांचें विश्वजाल या दोन कृति शेजारीं ठेवून पाहणें बोधप्रद आहे.

‘झॅनाडू’ची कल्पना भव्य खरी. तींत दुवा दोन्ही टोकांनीं दिसावयाचा, उताऱ्याचें मूळ ग्रंथाशीं नातें तुटावयाचें नाहीं, जुनी आवृत्ति नष्ट व्हावयाची नाहीं, आणि लेखकास मोबदलाही मिळावयाचा. परंतु हीं सर्व अंगें एकदम सिद्ध झालीं पाहिजेत, या आग्रहापायीं १९६० मध्यें आरंभिलेलें काम रेंगाळलें. ऑटोडेस्क कंपनीनें १९८८ ते १९९२ पर्यंत पाठबळ दिलें, तरी तें पुरें झालें नाहीं. २०१४ सालीं लोकांपुढें आला तो एक नमुनाच.

बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं आपली सूचना मांडली व १९९० अखेर ती चालवून दाखविली. त्यांनीं दुवा एकेरी ठेवला. तो तुटूं शकतो, हेंही पत्करलें. त्यामुळेंच कोणाची परवानगी न घेतां कोणीही आपलें पान दुसऱ्याच्या पानास जोडूं लागला. ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ही रचना सर्वांस मुक्त केली.

म्हणून नेल्सन हरले, असा निकाल देऊन मोकळें होणें न्याय्य नाहीं. पान हलविलें कीं त्याकडे नेणारा दुवा मरतो, व वाचकाच्या हातीं ‘४०४’ हा आंकडा तेवढा उरतो. संदर्भ पडताळतां येणें ही विद्येची पहिली अट. ती येथें ढिली झाली. १९९६ मध्यें स्थापन झालेलें इंटरनेट आर्काइव्ह जुन्या पानांच्या प्रती राखून ठेवतें, ती या सोडलेल्या अंगाचीच भरपाई होय. चांगले पत्ते बदलत नसतात, असें बर्नर्स-ली यांनींच १९९८ सालीं बजाविलें. म्हणजे हा दोष यंत्राचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक.

मराठी विश्वकोश आज पडद्यावर वाचतां येतो. अशा कार्यांत नोंदी लिहविणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच त्यांचे पत्ते पिढ्यान्‌पिढ्या राखणें. तें काम कारकुनी नव्हे, संपादनाचेंच अंग आहे. आणि त्यासाठीं जबाबदार माणूस आरंभींच नेमला पाहिजे.