टूलच्या वर्णनाची परीक्षा

पाचशे रुपयांची ऑर्डर तयार करायची असेल, तर रेझरपेच्या एपीआयला रक्कम ५०००० अशी द्यावी लागते, कारण तिथला हिशेब पैशांत चालतो. स्ट्राइपचंही तसंच. डॉलरची रक्कम सेंटमध्ये द्यायची, जपानी येनची मात्र आहे तशीच. प्रोग्रामर हे एकदा वाचतो, चाचणी खात्यावर एकदा चुकतो, शेजारच्याला विचारतो आणि कायमचं लक्षात ठेवतो. एआय एजंटला ही सोय नसते. त्याच्यापुढे टूलचं नाव, दोन-चार ओळींचं वर्णन आणि पॅरामीटरांची यादी एवढंच असतं. त्या यादीत नुसतं ‘रक्कम’ लिहिलं असेल आणि एजंटाने ५०० पाठवले, तर त्याला दोष द्यायला माझं मन तयार होत नाही. चूक वर्णन लिहिणाऱ्याची आहे. ती मोजण्याची पद्धत मात्र अजून कच्ची आहे.

एपीआयचं वर्णन लिहिण्याची रीत जुनी आहे. टोनी टॅम यांनी सुरू केलेलं स्वॅगर २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं आणि पुढे ओपनएपीआय झालं. वर्णनाचा रकाना त्यातही होता, पण तो माणसासाठी असल्यामुळे रिकामा राहिला तरी काम अडत नसे. जून २०२३ मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलने टूल वापरण्याची सोय, आणलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने टूल जोडण्यासाठीचा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, जाहीर केला, आणि कोणतं टूल कधी वापरायचं हे त्या दुर्लक्षित रकान्यावर ठरू लागलं. जुन्या ओपनएपीआय फायलींतून आपोआप टूल बनवून देणारे प्रकल्पही निघाले. फायलीतला आळस तसाच्या तसा एजंटापर्यंत पोचला.

मग परीक्षा सुरू झाल्या, त्या मॉडेलांच्या. टूलबेंचने रॅपिडएपीआयवरचे १६,४६४ एपीआय गोळा केले. बर्कलीच्या फंक्शन कॉलिंग लीडरबोर्डने २०२४ पासून मॉडेलांची क्रमवारी लावली. त्याच वर्षी सिएरा कंपनीच्या टाउ-बेंचने तेच काम पुन्हा पुन्हा दिल्यावर एजंट दर वेळी बरोबर करतो का, हे विचारलं. ही सगळी मोलाची कामं आहेत. पण या परीक्षांत मॉडेल बदलतं आणि वर्णन जागच्या जागी राहतं. विद्यार्थ्यांचे गुण लागले, प्रश्नपत्रिका तपासायची राहून गेली. बर्कलीच्या परीक्षेतला एक विभाग मला यापेक्षा पुढचा वाटतो. तिथे हाताशी असलेलं कोणतंच टूल लागू पडत नाही आणि मॉडेलने गप्प राहायचं असतं. गप्प राहायला टूलची मर्यादा कळावी लागते, आणि ती वर्णनातूनच कळते.

खुद्द वर्णन तपासणारी साधनं फारच सौम्य आहेत. स्पेक्ट्रल या लिंटरचा, म्हणजे फायली आपोआप तपासणाऱ्या साधनाचा, वर्णनाविषयीचा नियम एवढाच की रकाना रिकामा नसावा. ‘युजर मिळवतो’ या दोन शब्दांवरही तो समाधानी होतो. दुसऱ्या मॉडेलला परीक्षक नेमून दहापैकी गुण द्यायला सांगणं हा आणखी एक मार्ग. पण लांबलचक मजकुराकडे झुकण्याची मॉडेल-परीक्षकांची खोड २०२३ पासून नोंदलेली आहे. गुळगुळीत चार परिच्छेदांना भरघोस गुण मिळतात आणि ‘रक्कम पैशांत द्या’ ही लाखमोलाची ओळ गहाळ असल्याचं कोणाच्या लक्षात येत नाही.

खरी कसोटी उलट दिशेने लागते. मॉडेल तेच ठेवा, वर्णन बदला, आणि एजंटाचं एकेक पाऊल वाचा. अँथ्रोपिकने डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलेला अनुभव असाच आहे. त्यांचा कोडिंग एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर पडला की सापेक्ष पत्ते देताना चुकायचा. फाइलचा पूर्ण पत्ता टूलने सक्तीचा केला आणि ती चूक थांबली. पुढे वेब-शोधाच्या टूलला प्रश्न देताना मॉडेल विनाकारण ‘२०२५’ जोडतं असं दिसलं, तेव्हा इलाज वर्णनातच केला गेला. रकाना भरला आहे की नाही हे पाहून यातलं काहीही सापडलं नसतं.

एकटं वर्णन तपासूनही भागत नाही. ‘ग्राहक शोधा’ आणि ‘ग्राहकांची यादी’ ही दोन्ही वर्णनं स्वतंत्रपणे निर्दोष असू शकतात. घोळ होतो तो दोन्ही शेजारी आल्यावर. आणि एजंट वर्णनाबरहुकूम वागला म्हणजे वर्णन चांगलं, असंही नाही. इन्व्हेरियंट लॅब्सने एप्रिल २०२५ मध्ये दाखवलं की वर्णनातच लपवलेल्या सूचना एजंटाला भलतीकडे नेऊ शकतात. टूल काही पुसून टाकणार आहे का, हे सांगणारी खूण एमसीपीत आहे, पण अनोळखी सर्व्हरच्या अशा खुणांवर विसंबू नये असं एमसीपीच बजावतं. म्हणून नुसता आज्ञाधारकपणा मोजणारी चाचणी मला धोक्याची वाटते.

चाचणीचे प्रश्नही माणसं बोलतात तसे हवेत. ‘अडीच हजार परत करा’ म्हटल्यावर टूलकडे २५०००० जातात का? ‘परत करायचे का ते उद्या बघू’ म्हटल्यावर काहीच जात नाही ना?