मुक्या जीवांची स्वप्ने

हिमायतनगरातील आमच्या शाळेच्या ओसरीवर निजलेला कुत्रा पाय झाडू लागला, की मुले म्हणतात, 'तो स्वप्नात चोर पकडतो आहे.' तो चोर मुलांचा. कुत्र्याचा असेलच असे नाही. आमच्या पुष्कळ प्राणिकथांत हाच दोष आढळतो. अन्नासाठी ठराविक मार्गावर धावलेल्या उंदरांच्या मेंदूत झोपेतही त्याच धावेचे ठसे उमटतात, असे लुई व विल्सन यांनी २००१ साली दाखविले. तेव्हा स्वप्न असलेच, तर ते त्यांच्या वाटेचे. आमच्या तात्पर्याचे नव्हे. पंचतंत्राचे प्रयोजन नीतिबोध. त्यास हा दंडक लावू नये. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'सत्तांतर'चे (१९८२) शीर्षक मानवी राजकारणातले असले, तरी त्यातील झगडा वानरस्वभावातूनच उलगडतो. प्राण्याचे अंतरंग रंगविणाऱ्याने प्रथम आपले स्वप्न बाजूस ठेवावे, असे आम्हांस वाटते.