कैरीनं खडक कसा फुटतो?

एक कैरी झाडावर झोका खातेय. ती तुटते आणि फुटतो मात्र खालचा खडक. फुटलेल्या खडकातून पाणी वाहू लागतं. पाणी वाहतं तिथे बाजार भरतो, बाजारात बांगड्या येतात. मग गाणारी मुलगी आईला सांगते की माझ्यासाठी बांगड्या घेऊन ठेव आणि भावाच्या हाती पाठवून दे. भाऊ कसा? तर सोन्याचा. त्याच्यासाठी मोत्यांचा पलंग.

संपलं गाणं. म्हणजे खरं तर संपत नाही, कारण पुन्हा कैरी झोका खाते, पुन्हा खडक फुटतो, आणि आता बाजार दुसऱ्याच वस्तूंचा भरतो.

'आथानी कैरी' हे अहिराणीतलं आखाजीचं गाणं. गावागावात पाठ थोडाफार बदलतो, पण हा सांगाडा बहुतेक ठिकाणी हाच. जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात वाढलेल्या माणसाच्या कानावरून ते कधी ना कधी गेलेलं असतं. कुणी लिहिलं, ठाऊक नाही आणि आजवर ते कुणाला विचारावंसंही वाटलेलं नाही. ते वर्षातून एकदाच लागतं आणि तेव्हा सगळ्यांना येत असतं. असं या साध्या गाण्यात काय आहे, की ते पिढ्यान् पिढ्या टिकलं? नेहमीचं उत्तर आहे 'माहेरची ओढ'. ते खरंय, पण अपुरं आहे. माहेरच्या ओढीची हजारो गाणी मराठीत आहेत आणि त्यातली बहुतेक आपण विसरलो आहोत.

आधी आखाजीबद्दल दोन गोष्टी, कारण त्याशिवाय हे गाणं हवेत लटकेल. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, वैशाख शुद्ध तृतीया. पुण्या-मुंबईत हा दिवस सोन्याच्या दुकानांच्या जाहिरातींपुरता उरलाय. खानदेशात तो दिवाळीच्या तोडीचा सण. पितरांसाठी मातीची घागर भरायची, सांजोऱ्या करायच्या, आमरसाला सुरुवात करायची. सालदाराचं वर्ष याच दिवशी संपतं आणि याच दिवशी सुरू होतं, म्हणजे शेतीचे हिशेब मिटवायचा आणि नवे ठरवायचा हा दिवस. पुरुष पत्ते कुटत बसतात. आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोका बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. पेरणी अजून लांब असते, त्यामुळे सुनेला सोडणं सासरच्यांनाही त्यातल्या त्यात परवडतं.

आता गाण्याकडे वळू. पहिले दोन शब्दच पाहा, आथानी आणि तथानी. इकडची आणि तिकडची. प्रमाण मराठीत जिथे 'चा-ची-चं' येतं तिथे अहिराणीत 'ना-नी-नं' येतं. इकडची एक कैरी, तिकडची एक कैरी. झोक्यावर बसलेल्या मुलीला जग असंच दिसणार, एकदा इकडचं आणि एकदा तिकडचं. पण ती मुलगी सासुरवाशीण असेल तर 'इकडचं' म्हणजे नेमकं कुठलं? माहेरच्या झोक्यावर बसून ती 'तिकडे' म्हणते ते सासर. चार दिवसांनी सासरी चुलीपुढे बसून 'तिकडे' म्हणेल ते माहेर. दोन शब्दांची जागा तिच्यासोबत बदलत राहते. तिला कायमचं 'इकडे' कुठेच नाही. गाणं हे कुठेही बोलून दाखवत नाही. त्याने फक्त दोन कैऱ्या टांगून ठेवल्या आहेत.

मग येतो खडक. कैरीनं खडक फुटत नाही, हे गाणाऱ्या बाईला आपल्यापेक्षा जास्त कळतं. तिचा दिवस दगडमातीतच जातो. पण वैशाखातला खानदेश डोळ्यांसमोर आणा. जळगाव-भुसावळचा पारा चाळिशीच्या पार गेलेला. गिरणा, पांझरा, बोरी यांच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू जास्त. अशा दिवसांत पाणी मागायचं तर ते खडक फोडूनच यावं लागेल, आणि तो फोडायला घरातल्या मुलीच्या हाती काय आहे? एक कच्चं फळ. जे सगळ्यांत कोवळं आहे त्याच्या एका आघातानं सगळ्यांत कठीण गोष्टीला पाझर फुटतो, एवढंच ही प्रतिमा म्हणते. तो खडक कोण, सासू, नवरा, की लेकीला आणायला वेळ न मिळालेला बाप, हे ज्यानं त्यानं ओळखायचं. आणि मग त्या पाण्याच्या आवाजासाठी येणारा अहिराणी शब्द बघा, 'झुय झुय'. मराठीतलं 'झुळझुळ' इथे 'ळ' गाळून वाहतं. खडक फुटण्याच्या दणक्यानंतर हा शब्द येतो तेव्हा तो कानाला खरोखर गार लागतो.

इथवर आपण एका सुंदर चित्राबद्दल बोललो. गाण्याची खरी चलाखी पुढे आहे, बांगड्यांत.

बांगड्या सासरच्या गावातही मिळतात. मग त्या आईनेच का घ्यायच्या? आणि घेतल्या तर भावाच्याच हाती का पाठवायच्या? कारण भाऊ आला पाहिजे. बांगड्या हे निमित्त. भाऊ मुऱ्हाळी म्हणून दाराशी आला की मुलीला माहेरी जाता येईल. 'मला घेऊन जा' हे वाक्य गाण्यात नाहीच. ते थेट म्हटलं तर सासरचा अपमान होतो, आईच्या जिवाला घोर लागतो आणि शेजारणींना विषय मिळतो. म्हणून मागणं बांगड्यांचं. फार मोठी गोष्ट मागायची आहे, म्हणून अगदी छोटी मागितली. आणि भाऊ सोन्याचा का? लाड म्हणून, हे आहेच. पण जो येईल की नाही याची खात्री नसते, त्याचं कौतुक आपण जरा जास्तच करतो.

बहिणाबाई चौधरींची 'आखजी' ही कविता शेजारी ठेवून पाहिली की फरक कळतो. बहिणाबाई आसोद्याच्या, दिल्या जळगावला. अंतर काही मैलांचं, तरी 'माहेर' या शब्दाचं वजन त्यांच्याइतकं क्वचितच कुणी तोललं असेल. त्यांची बोली अहिराणी नव्हे, लेवा गणबोली. पण आखाजी तीच आणि निंबावरचा झोका तोच. त्यांच्या कवितेतही शब्द झोक्यासारखे परत परत येतात. मात्र ती एका बाईची कविता आहे. तिला सुरुवात आणि शेवट आहे. १९५२ साली ती गाणी छापून आली तेव्हा त्यांचे शब्द पक्के झाले, आणि बरं झालं झाले. सोपानदेवांनी आईची गाणी जपली नसती तर आज आपल्याकडे काय उरलं असतं? 'योगी आणि सासुरवाशीण' या कवितेत तर त्या माहेराच्या प्रश्नाला समोरासमोर उत्तर देतात. 'आथानी कैरी' तसं उत्तर देत नाही. ती एक रिकामी जागा पुढे करते आणि म्हणते, भर.

माझ्या मते हे गाणं टिकलं ते या रिकाम्या जागेमुळे. बाजार कशाचा भरला, हे दर फेरीला नव्यानं ठरतं. एक मुलगी बांगड्या मागते, पुढची दुसरं काही मागते, तिसरी तिसरं. एकीनं वस्तू सांगायची आणि बाकीच्यांनी साखळी ओढत न्यायची. वस्तू बदलली की गाणं तुमचं झालं. पाठ करायला सोपं, विसरायला अवघड, आणि शिळं होणं जवळजवळ अशक्य.

सणाची गाणी जगभर दोन तऱ्हांनी टिकतात. नाताळचं 'सायलेंट नाइट' घ्या. २४ डिसेंबर १८१८ला ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फ या गावातल्या चर्चमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योसेफ मोर या धर्मगुरूचे, चाल फ्रान्त्स ग्रुबर या शिक्षकाची, साथीला गिटार. पुढे ते इतकं पसरलं की लोक त्याला लोकगीत समजू लागले, आणि १८५४ साली ग्रुबरला लेखी खुलासा करावा लागला की चाल माझी आहे. ते गाणं टिकलं ते न बदलता. ऐकणाऱ्याला दर डिसेंबरमध्ये तीच शांतता हवी असते. पण 'कॅरल' हा शब्द मुळात ज्या गाण्यांचा होता ती मध्ययुगातली गाणी गोल धरून नाचत म्हणायची. एकानं कडवं सांगायचं, बाकीच्यांनी धृपद झेलायचं. आपली 'आथानी कैरी' त्या जुन्या कॅरलची चुलतबहीण शोभेल. तिला टिकायचं तर बदलावंच लागतं.

म्हणून यूट्यूबवरच्या तिच्या रूपांबद्दल बोलायला हवं. 'केसावर फुगे' आणि 'झुमकावाली पोर' यांनी अहिराणी लग्नाच्या वरातीतून थेट राज्यभरच्या रील्समध्ये नेली. याबद्दल नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. २०११च्या जनगणनेत 'खानदेशी' या नावाखाली सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची नोंद आहे. त्या भाषेतलं गाणं इतर मराठी मुलं अर्थ न कळता गुणगुणतात, ही छोटी गोष्ट नाही. सुरतेत कामाला गेलेल्या खानदेशी घरांत आखाजीच्या दिवशी झोका नसेल, फोन तर असतो.

पण डीजेवर चढलेल्या 'आथानी कैरी'त एक गोष्ट हरवते आणि ती 'अस्सलपणा' नव्हे. हरवतो तो श्वास. झोका पुढे जाताना अर्धी ओळ, मागे येताना उरलेली अर्धी. आणि बाकीच्या मुली साखळी म्हणत असताना पुढच्या वस्तूचा विचार करायला मिळालेले ते चार क्षण. रेकॉर्डिंगला विचार करायचा नसतो. तिथे वस्तू आधीच ठरलेल्या असतात आणि पुढच्या वर्षीही त्याच राहणार. रिकामी जागा सिमेंटनं बुजवली की गाणं ऐकता येतं, नाचता येतं, पण मागता येत नाही.

आणि मागणं हा इथला कळीचा मुद्दा आहे. या गाण्यावर प्रेम करताना एक अडचणीचा प्रश्न टाळता येत नाही. मुलगी मागते काय? बांगड्या. कुणाकडे? आईकडे, भावाच्या हाती. बाप गाण्यात नाही आणि शेतही नाही. म्हणजे ज्या दिवशी गावात वर्षाचे हिशेब होतात, त्याच दिवशी लेक झोक्यावर बसून काचेच्या वस्तूवर समाधान मानते. महाराष्ट्रानं १९९४ साली तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला. २००५च्या केंद्रीय दुरुस्तीनं विवाहित लेकींनाही तो मिळाला. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानंच मिळतो. तरी आपल्या गावांत हक्कसोड पत्रावर बहिणीची सही होते आणि बहुतेकदा ती जबरदस्तीनं घ्यावी लागत नाही. बहीण स्वतःहून करते, कारण सही केली नाही तर आखाजीला मूळ येणार नाही ही भीती तिला असते. सोन्याच्या भावाची किंमत ही अशी मोजली जाते.

मग हे गाणं स्त्रियांना थोडक्यात समाधान मानायला शिकवतं का? काही अंशी हो, आणि ते गोड आहे म्हणून हे लपवू नये. लोकगीतांवर लिहिताना आपण फार लवकर गहिवरतो. पण दोष साऱ्या गाण्याचा नाही. बांगड्या हा त्या जागी बसलेला एक शब्द आहे, गाण्याचा सांगाडा नव्हे. सांगाडा वेगळंच म्हणतो: कोवळी गोष्ट पडली तरी खडक फुटू शकतो, पाणी येऊ शकतं, आणि पाणी आलं की मागायचं काय हे मुलीनं ठरवायचं. ज्या बायांनी हे रचलं त्यांनी आपल्या काळात जे मागता येण्याजोगं होतं ते मागितलं, आणि पुढच्यांसाठी जागा मोकळी सोडली. 'हेच मागा' असं त्यांनी कुठेच म्हटलेलं नाही.

हे गाणं 'जपण्याची' भाषा मला म्हणूनच पटत नाही. लोणचं जपतात. आखाजीच्या गाण्यात दर वर्षी एक नवी वस्तू घालावी लागते, एवढीच त्याची अट आहे. झोका निंबाचा असो की गच्चीतल्या हुकाचा, पाळी आली की बाजार कशाचा ते सांगावं लागतं. कुणी हेडफोन सांगेल, कुणी नाशिकच्या कॉलेजची फी सांगेल. आणि एखादीनं त्या जागी सातबारा म्हटलं, तर चालीत थोडी ओढाताण होईल, बाकीच्या क्षणभर थांबतील, पण साखळी पुढे नेतील. कारण या गाण्यात जे मागितलं ते सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं.